एका मिनिटाचे श्वास

विद्यार्थी मित्रहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी सेकंदकाटा असलेले एक घड्याळ जवळ घ्या. स्वस्थ बसा आणि पुढच्या एका मिनिटात आपण किती वेळा श्वास घेतो ते मोजा. बहुतेकांचा आकडा पंधरा ते वीसच्या आसपास येईल. मोजताना एक अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. मोजायला लागलो, की श्वासाची नेहमीची लय बिघडते. तो उगीचच लांब होतो किंवा अडखळतो. म्हणून आता शेजारी बसलेल्या मित्राचे श्वास, त्याला न सांगता, मोजून पाहा. हा आकडा अधिक विश्वासार्ह असेल.

घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर ते झोपलेले असताना त्याच्या पोटाकडे पाहा. छातीकडे नव्हे, पोटाकडे. कारण तान्ही मुले मुख्यतः छाती व पोट यांमधल्या पडद्याच्या साहाय्याने श्वास घेतात आणि पोटाचे वरखाली होणे सहज दिसते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला चाळीसच्या आसपास, कधी पन्नासच्याही पुढे भरतील. त्यात काही काळजीचे नाही. परंतु हाच आकडा साठ किंवा त्याहून जास्त झाला आणि पुन्हा मोजल्यावरही तितकाच राहिला, तर मात्र त्या बाळाच्या जिवाला धोका असू शकतो.

साठ हा आकडा कोठून आला? आणि नुसते श्वास मोजून बाळ जगेल की दगावेल याचा अंदाज खरोखर बांधता येतो काय? या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या राजुऱ्यापासून फार दूर नसलेल्या गडचिरोली जिल्ह्यात सापडला. १९८२ सालापर्यंत तो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. पण तिकडे वळण्यापूर्वी बाळाच्या फुप्फुसात जरा डोकावू या.

साबणाचे दोन बुडबुडे

आईच्या पोटात मूल सुमारे चाळीस आठवडे वाढते. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाला अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. पोटात असताना त्याला फुप्फुसांची गरज नसते, कारण प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतो. फुप्फुसे हवेने नव्हे तर द्रवाने भरलेली असतात. जन्मल्याबरोबर काही क्षणांत हा द्रव बाजूला सारून त्यांत हवा भरावी लागते. बाळाचे पहिले रडणे म्हणजे हे काम सुरू झाल्याची खूण.

आता एक प्रयोग. एका नळीच्या दोन टोकांना साबणाचे दोन बुडबुडे धरले, एक लहान आणि एक मोठा, आणि मधली तोटी उघडली तर काय होईल? दोन्ही सारखे होतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लहान बुडबुडा आणखी लहान होत जातो आणि त्यातली सगळी हवा मोठ्यात जाते! याचे कारण पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग सतत आकसू पाहतो आणि बुडबुडा जितका लहान, तितका त्यातला दाब जास्त. त्रिज्या निम्मी झाली, की दाब दुप्पट.

फुप्फुसातले वायुकोश हे आतून ओलसर असलेले असेच इवलेसे फुगे आहेत. वरचा नियम त्यांना जसाच्या तसा लागू पडला असता, तर श्वास सोडताच लहान वायुकोश मिटून गेले असते आणि पुढच्या श्वासाला ते उघडण्यासाठी भलताच जोर लागला असता. तसे होत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतल्या काही पेशी सरफॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ पाझरतात. त्याचा पातळ थर आतून पसरतो आणि पृष्ठताण कमी करतो. हा पदार्थ गर्भात चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो आणि पुरेसा साठायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाची अडचण आता तुमच्या लक्षात आली असेल. त्याला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाने घ्यावा लागतो.

ही गोष्ट १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवून दिली. तरी उपचार सापडायला वेळ लागला. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे दोन किलो, म्हणजे फार कमी नव्हे. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असूनही तो ३९ तासच जगला. पुढे १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हॉवी यांनी दाखवले, की बाळंतपण लवकर होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. आणि १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून मिळवलेले सरफॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांना वाचवले.

मोजायचे तरी काय?

फुगा किती ताठ आहे हे कसे मोजाल? ठरावीक दाबाने फुंकून त्यात किती हवा मावली ते पाहाल. फुप्फुसांचेही तसेच मोजतात. दाबातल्या बदलाने आकारमानातल्या बदलास भागले, की फुप्फुसाची लवचिकता मिळते. निरोगी नवजात बाळात एक सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ते दोन मिलिलिटर हवा आत शिरते. सरफॅक्टंट कमी असलेल्या ताठर फुप्फुसात याहून खूपच कमी.

शास्त्रज्ञांना साहजिकच वाटले, की जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत लवचिकता मोजली तर कोणते बाळ लवकर सुधारेल आणि कोणाची फुप्फुसे पुढे दीर्घकाळ आजारी राहतील हे आधीच सांगता येईल. असे अभ्यास पुष्कळ झाले. ज्यांची लवचिकता कमी, त्यांना पुढे त्रास जास्त, हेही दिसले. पण गंमत अशी, की बाळाचे वजन आणि ते किती आठवड्यांचे आहे एवढे ठाऊक असले, तरी अंदाज जवळपास तितकाच बरा येतो. महागड्या यंत्राने त्यात पडणारी भर अनेकदा थोडीच असते. शिवाय दीड किलोच्या बाळाच्या एका श्वासात आठ-नऊ मिलिलिटर हवा असते, म्हणजे दोन चहाचे चमचेसुद्धा नाही. नळीच्या कडेने थोडी हवा निसटली किंवा बाळ रडू लागले, की मोजमाप फसले.

मग ताठर फुप्फुसांचे बाळ स्वतः काय करते ते पाहू. एका श्वासात हवा कमी येते म्हणून ते श्वासांची संख्या वाढवते. हिशेब साधा आहे: एका श्वासातली हवा गुणिले मिनिटातले श्वास, म्हणजे मिनिटाला मिळणारी हवा. पहिला आकडा घसरला, की दुसरा वाढवावा लागतो. जंतुदोषाने फुप्फुसे भरली, म्हणजेच न्यूमोनिया झाला, तरी हेच घडते. दुसरे म्हणजे, जोराने श्वास ओढताना बाळाच्या मऊ फासळ्या आत खेचल्या जातात आणि छातीच्या खालच्या भागात खळगी पडते. तिसरे, ते कण्हते. हे कण्हणे वेदनेचे नसते. श्वास सोडताना कंठ अर्धवट मिटून, थोडी हवा आत अडवून वायुकोश उघडे ठेवण्याचा तो प्रयत्न असतो. म्हणजे ज्या गोष्टी यंत्राने मोजायच्या, त्या बाळाच्या अंगावरच लिहिलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांनी १९५६ साली अशा पाच खुणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत काढली. यात शून्य गुण उत्तम आणि दहा सर्वांत वाईट. परीक्षेत असे गुण मिळाले तर किती बरे, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल!

दहा श्वासांना एक मणी

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेमार्फत काम सुरू केले. जंगलातली विखुरलेली गावे, पावसाळ्यात अडणारे नदी-नाले आणि रुग्णालय दूर. वर्धेला पूर आल्यावर राजुरा-बल्लारपूर वाहतूक थांबली म्हणजे काय होते, हे राजुऱ्याच्या वाचकांना ठाऊकच आहे. तिथे तशी स्थिती कितीतरी गावांची होती. लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा फार मोठा होता. त्यावरचे औषध स्वस्त होते आणि तोंडाने देता येत होते. प्रश्न एवढाच, की साध्या खोकल्याच्या शंभर मुलांतून न्यूमोनियाचे मूल गावातच ओळखायचे कसे? छातीचा फोटो काढायला यंत्र नाही, स्टेथॉस्कोपने ऐकायला डॉक्टर नाही.

इथे श्वासांची संख्या कामी आली. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि आपल्याकडे वेल्लोरला थॉमस चेरियन व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवले होते, की खोकणाऱ्या मुलाचे जलद श्वास ही न्यूमोनियाची चांगली खूण आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांपर्यंत साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षे चाळीस.

पण गावातल्या दाईने साठपर्यंत मोजायचे कसे? अनेकींना अक्षरओळख नव्हती, सेकंदकाट्याचे घड्याळ नव्हते. आणि हलणाऱ्या पोटाकडे पाहत न चुकता साठ मोजणे हे तर तुम्हाआम्हालाही सोपे नाही. करून पाहिले असेल तर पटेल. बंग दांपत्याने यासाठी एक साधन तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी असतात. शाळेतल्या पाटीवरच्या मण्यांसारखेच. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांहून लहान बाळासाठी सहा मणी, मोठ्या मुलासाठी पाच. शेवटचा मणी तांबडा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवावा लागला, तर धोका. दहापर्यंत मोजता आले, की काम भागले! दशमान पद्धती तुम्ही पुस्तकात शिकता. इथे तिच्या जोरावर निदान होऊ लागले.

याचा परिणाम १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या ५८ गावांत दाया व आरोग्यसेवक न्यूमोनिया ओळखून औषध देत होते, तिथे उपचार झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांच्या भागात ते १३.५ टक्के होते.

हवामानाचा अंदाज आणि बाळाचा अंदाज

तरीही अगदी नवजात बाळे दगावतच होती. त्यांच्या बाबतीत एकटी श्वासमोजणी पुरत नाही. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण मोजण्यातले. अपुऱ्या दिवसांचे बाळ संथ, एकसारखे श्वास घेत नाही. ते काही सेकंद भराभर श्वास घेते, मग पाच-दहा सेकंद अगदी थांबते, मग पुन्हा भराभर. समजा, घाई म्हणून तुम्ही पंधरा सेकंदच मोजले आणि त्यात १८ श्वास भरले. चारने गुणून ७२ आले. बाळ आजारी ठरले! दुसऱ्याने पुढचे पंधरा सेकंद मोजले, त्यात विराम आला आणि श्वास भरले ८. त्याचे उत्तर ३२. पूर्ण मिनिट मोजले असते तर कदाचित ५२ आले असते आणि बाळ निरोगी ठरले असते. म्हणून पूर्ण मिनिटच मोजायचे, बाळ शांत असताना मोजायचे, आणि साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फार दुबळ्या बाळाला श्वास वाढवण्याचीही ताकद नसते. त्याचे श्वास उलट मंदावतात. वीस सेकंद किंवा त्याहून अधिक श्वास थांबणे हे धोक्याचेच. म्हणजे आकडा साठच्या खाली आहे एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून ३९ गावांतल्या नवजात बाळांची नोंद सुरू झाली आणि १९९५ पासून गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया, त्यांना आरोग्यदूत म्हणतात, घरोघरी जाऊन बाळांना तपासू लागल्या. वजन, ताप, श्वास, दूध ओढणे, रडणे, सगळे लिहून ठेवले जाई. या वह्यांतून पुढे शोधले गेले, की जंतुदोषाने दगावणाऱ्या बाळात आधी काय दिसते. सात खुणा हाती लागल्या: दूध ओढणे कमी किंवा बंद होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, बाळ गार लागते असे आईने सांगणे, छातीला खोल खळगी पडणे आणि बेंबी पिकणे. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर बाळ धोक्यात समजायचे. या नियमातून जंतुदोषाने झालेला एकही मृत्यू निसटला नाही. आणि सूचना मृत्यूच्या सरासरी पाच दिवस आधी मिळत होती. फुप्फुसाची खूण यात सातांपैकी एक आहे, आणि आईच्या हाताला लागलेला गारवा ही दुसरी. मला या यादीतली ही खूण सर्वांत आवडते. थर्मामीटर नसतानाही ती वापरता येते आणि आईचे बोलणे ती गंभीरपणे घेते.

आता थोडे गणित करू. शंभर जन्मांमागे सुमारे अकरा बाळे या नियमाने धोक्यात ठरत. उपचार न झाल्यास त्यांतली तीनच्या आसपास दगावली असती; उरलेली आठ तशीही वाचली असती. म्हणजे अकरा वेळा धोक्याची घंटा वाजली, त्यात आठ वेळा ती खोटी. असा नियम चांगला म्हणावा का? तुमच्या परीक्षेत अकरांपैकी तीन उत्तरे बरोबर आली, तर तुम्ही नापास. पण इथे चुका दोन प्रकारच्या आहेत. निरोगी बाळाला आजारी ठरवले, तर त्याला विनाकारण औषध आणि इंजेक्शने मिळतात. आजारी बाळाला निरोगी ठरवले, तर ते मरते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून नियम असा निवडला की दुसरी चूक होऊच नये. पहिली चूक फुकटची आहे असे मात्र समजू नका. प्रतिजैविके विनाकारण वापरली, की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. मर्यादा कुठे ठेवायची हा निर्णय नुसत्या गणिताचा नसतो, पण गणितावाचून तो घेताही येत नाही.

आणखी एक गोष्ट. हवामानखात्याने पावसाचा अंदाज सांगितला, तर त्या अंदाजाने पाऊस बदलत नाही. बाळाच्या बाबतीत अंदाज करायचा तोच मुळी तो खोटा ठरावा म्हणून. धोका ओळखताच आरोग्यदूत बाळाला रुग्णालयात न्यायला सांगत. आईबाप तयार नसले, तर त्यांच्या संमतीने प्रतिजैविकाची इंजेक्शने व औषध घरीच देत. गावातल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यावे की नाही, यावर शंका घेणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते, आणि शंका रास्तही होती. उत्तर आकड्यांतून मिळाले. जंतुदोष झालेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. सुरुवातीला या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ झाला, आणि तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ च राहिला. हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे काय? सुरुवातीला अशा तीन बाळांपैकी एक दगावत असे. पुढच्या वर्षांत दहांपैकी एक. गावात ना कृत्रिम श्वासयंत्र होते, ना सरफॅक्टंट. मग ही बाळे कशी वाचली? त्यांना ऊब मिळाली, आईचे दूध नीट पाजले गेले, जंतुदोष वेळेवर ओळखला गेला, आणि जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने हवा देता आली. फार लवकर जन्मलेल्या, अगदी कच्च्या फुप्फुसांच्या बाळाला आजही रुग्णालयातील नवजात विभागच हवा. पण अपुऱ्या दिवसांच्या पुष्कळ बाळांना फुप्फुसांच्या कच्चेपणापेक्षा थंडी, उपासमार आणि जंतू यांचाच धोका जास्त होता.

२०११ साली ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर आणि झोळीचा वजनकाटा असतो. राजुऱ्याकडील तुमच्या गावातही त्या येत असतील. त्या श्वास कसे मोजतात, हे त्यांची परवानगी घेऊन एकदा जरूर पाहा.

आणि शाळेत वाळूचे घड्याळ तयार करा. वर्धेची वाळू धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून बारीक चाळणीने चाळा. दोन लहान बाटल्यांची झाकणे पाठीला पाठ लावून चिकटवा आणि मधोमध बारीक भोक पाडा. बरोबर एका मिनिटात रिकामी होईल इतकी वाळू भरायला बरेच प्रयत्न करावे लागतील. जमले, की ते दहा वेळा उलटून प्रत्येक वेळी किती सेकंद लागले ते लिहा. दहाही आकडे सारखे येणार नाहीत. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यात पाच सेकंदांचा फरक पडला, तर मिनिटाला साठ श्वास घेणाऱ्या बाळाच्या मोजणीत किती श्वासांची चूक होईल, ते काढून गुरुजींना दाखवा.